बेट्टी लव्हेट : पिकलेल्या आवाजाची गोष्ट



आज मी आपल्याला एका गाणाऱ्या बाईची गोष्ट सांगणार आहे. बाई आपल्याकडची नव्हे. दूर अमेरिकेतली, तिथल्या कृष्णवर्णीय समाजातली. नाव बेट्टी लव्हेट. १९६२ साली, अवघी १६ वर्षांची असताना तिची पहिली तबकडी निघाली आणि ती चांगली गाजली. आणि जिच्यामुळे देशोदेशींच्या जाणकारांनी तिच्याकडे मान वळवून पाहिले, ती तबकडी निघाली २००५ साली. तेव्हा तिला ६०वे वर्ष चालू होते. मध्ये ४३ वर्षे गेली.

४३ वर्षे म्हणजे किती, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. तेवढ्यात बांधावर लावलेले आंब्याचे रोप जुने झाड होते. बैलांच्या किती जोड्या येतात आणि जातात. मग या बाईने एवढी वर्षे केले तरी काय? गाणे सोडले होते? आवाज गेला होता? तसे काही नव्हते. ती गातच होती. तिचे गाणे ऐकणाऱ्यांपर्यंत पोचत नव्हते, एवढेच. २००५ साली सगळे म्हणू लागले, की ही बाई परत आली. खरे म्हणजे ती कुठे गेलीच नव्हती. लोकच तिच्याकडे परत आले.

त्या परतीबद्दल आणि पिकलेल्या आवाजाच्या कसबाबद्दल आज थोडे बोलू. माझ्यासारख्या शाळामास्तराला त्यातून काय उमजले, तेही शेवटी सांगेन.

प्रथम हे गाणे कोणत्या जातीचे, ते पाहू. याला तिकडे 'सोल' म्हणतात. सोल म्हणजे जीव, आत्मा. या गाण्याचा उगम प्रार्थनामंदिरात आहे. आफ्रिकेतून धरून नेलेल्या आणि पिढ्यान् पिढ्या गुलामीत राबलेल्या लोकांनी आपले दुःख देवापुढे गाऊन मोकळे केले. त्यांच्या चर्चमध्ये प्रवचन करणारा एक ओळ उंच सुरात टाकतो आणि जमलेली मंडळी ती झेलून उत्तर देतात. आपल्याकडे कीर्तनात बुवा पद सोडतात आणि टाळकरी उचलतात ना, तसेच काहीसे. या भक्तिगीतांना गॉस्पेल म्हणतात. १९५० नंतरच्या दहा वर्षांत रे चार्ल्स आणि सॅम कुक यांच्यासारख्या गायकांनी ही रीत उचलली आणि तिच्यात प्रेमाचे, रुसव्याचे, ताटातुटीचे संसारी शब्द भरले. पुष्कळ भाविकांना ते रुचले नाही. अभंगाच्या चालीवर कोणी प्रेमाचे गाणे बांधले, तर आपल्या गावातही कुरबुर होईलच की! पण त्या मिश्रणातून जे निघाले ते सोल.

या गाण्याची काही मोठी ठाणी होती. मोटारींच्या कारखान्यांचे शहर डेट्रॉइट हे एक. तिथे १९५९ साली मोटाउन ही कंपनी निघाली. दुसरे मेम्फिस. आणि तिसरे अलाबामा राज्यातले मसल शोल्स, टेनेसी नदीकाठचे एक लहानसे गाव. या गावाचे नाव लक्षात ठेवा, बरं का. आपल्या गोष्टीत ते दोनदा येणार आहे.

बेट्टीचा जन्म १९४६ च्या जानेवारीत मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावी झाला. आडनाव हॅस्किन्स. पुढे कुटुंब डेट्रॉइटला आले. सोल गाणारे बहुतेक जण लहानपणी चर्चमध्ये गात मोठे झालेले. बेट्टीचे तसे नाही. तिचे आईवडील घरी दारू विकत. बैठकीच्या खोलीत ज्यूकबॉक्स होता. म्हणजे नाणे टाकले की हवी ती तबकडी वाजवणारे यंत्र. लोक यायचे, प्यायचे, गाणी लावायचे, आणि ही चिमुरडी त्या यंत्रापाशी उभी राहून गाणी पाठ करायची. तिच्या समाजाची गाणी त्यात होती, तशी गोऱ्या खेडुतांची गाणीही होती. म्हणजे तिची पहिली शाळा ही अशी. गाणे म्हणजे आपल्यासमोर बसलेल्या, दिवसभर राबून आलेल्या माणसाला काहीतरी सांगणे, ही समज तिला तिथेच आली असावी, असे मला वाटते.

१९६२ साली तिचे पहिले गाणे मुद्रित झाले. त्या काळी मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकड्या असत. एका बाजूला एक गाणे, पाठीवर दुसरे. अटलांटिक या मोठ्या कंपनीने ती तबकडी विकायला घेतली आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या पसंतीच्या यादीत ते गाणे ७व्या क्रमांकापर्यंत चढले. ही पोर क्लाइड मॅकफॅटर, बेन ई. किंग अशा नावाजलेल्या गायकांबरोबर दौऱ्यावर निघाली. त्यातच ओटिस रेडिंग नावाचा एक नवखा गायकही होता. तो पुढे फार मोठा झाला आणि १९६७ साली विमानाच्या अपघातात गेला. १९६५ साली बेट्टीचे आणखी एक गाणे निघाले, 'लेट मी डाउन ईझी'. सोडून जायचेच असेल तर जरा हळुवारपणे जा, अशी त्यातली विनवणी आहे. तेही लोकांनी उचलले. पण एका तबकडीनंतर दुसरी, एका कंपनीनंतर दुसरी, असे चालू राहिले. पाय रोवून उभे राहावे अशी जागा काही मिळेना.

या दिवसांत तिला एक चांगला गुरू भेटला. जिम लुईस हा तिचा व्यवस्थापक. त्याने तिला रोखठोक सांगितले, की नाव होईल की नाही हे कोणाच्याच हाती नाही. पण गायला शिकलीस तर पोटाला कमी पडणार नाही. त्याने तिला नाना तऱ्हेची जुनी-नवी गाणी बसवायला लावली. आपल्या जातकुळीची नसलेली गाणीसुद्धा. शब्द नीट समजून घे, मग गा, ही त्याची शिकवण. नाव आणि कसब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दैवाधीन, दुसरी आपल्या हातातली. मी शाळेत फळ्यावर सुविचार लिहितो, त्यांत हे वाक्य बसवायला हरकत नाही.

आता गोष्टीतला कठीण भाग येतो. १९७२ साली अटलांटिकच्याच अ‍ॅटको या शाखेने बेट्टीबाईंशी करार केला. आता पोर म्हणून चालणार नाही. त्या २६ वर्षांच्या झाल्या होत्या. एकेका गाण्याच्या तबकड्या झाल्या होत्या, पण अखंड दहा-बारा गाण्यांचा संच, ज्याला सगळेच आता अल्बम म्हणतात, तो त्यांच्या नावावर अजून नव्हता. तो करण्यासाठी त्यांना मसल शोल्सला पाठवण्यात आले. तिथले वादक फार कसबी. गंमत अशी, की सोल गाण्याला जीव लावून साथ करणारे हे वादक बहुतेक गोरे होते, आणि तेही अलाबामात, जिथे थोड्याच वर्षांपूर्वीपर्यंत काळ्यागोऱ्यांना एका बाकावर बसायची मुभा नव्हती. मुद्रण उत्तम झाले. अल्बमचे नावही ठरले, 'चाइल्ड ऑफ द सेव्हन्टीज'. प्रचाराच्या दौऱ्याची तयारी झाली. आणि मग कंपनीचा निरोप आला, की अल्बम काढायचा नाही.

का नाही, याचा पटेल असा खुलासा बाईंना मिळाला नाही. तो निरोप ऐकून आपण घरात जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसलो, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. पीक कापून खळ्यावर आणावे, मळणी करावी, पोती शिवावीत, आणि व्यापाऱ्याने सांगावे की माल उचलत नाही. कारण विचारले तर उत्तर नाही. हे दुःख आपल्याला परके नाही. फरक इतकाच, की दाणा पुढच्या हंगामात पुन्हा पिकतो. २६ वर्षांचा गळा पुन्हा २६ वर्षांचा होत नाही. ती फीत गुदामात पडून राहिली.

मग बाईंनी काय केले? पोटाचे गाणे केले. लहान लहान क्लबांत, हॉटेलांत, जिथे बोलावतील तिथे त्या गायल्या. 'बबलिंग ब्राउन शुगर' या संगीत नाटकाबरोबर त्या सुमारे सहा वर्षे फिरल्या. रोज उभे राहायचे, नेमून दिलेल्या वेळी गायचे, शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसाला शब्द कळला पाहिजे, हे नाटकवाल्यांचे शिक्षण त्यात मिळाले. १९८२ साली, म्हणजे पहिल्या तबकडीनंतर २० वर्षांनी, मोटाउनने त्यांचा पहिला अल्बम काढला. तोही फार गाजला नाही. पुन्हा लहान क्लब, पुन्हा थोडे ऐकणारे.

१९९९ च्या सुमारास फ्रान्समधला एक तबकड्यांचा शौकीन, जिल पेतार, त्या जुन्या फितीच्या मागे लागला. त्याने १९७२ चे मुद्रण कंपनीच्या साठ्यातून मिळवले आणि २००० साली 'सुव्हेनिर्स', म्हणजे आठवणींच्या वस्तू, या नावाने ते प्रसिद्ध केले. २८ वर्षे अंधारात पडलेला आवाज बाहेर आला. युरोपातल्या शौकिनांनी कान टवकारले. ही कोण? हिला आपण ऐकले कसे नाही? आणि ही अजून गाते का? उत्तर साधे होते. गाते, आणि पूर्वीपेक्षा चांगली गाते. २००३ साली 'अ वुमन लाइक मी' हा नवा अल्बम आला आणि पुढच्याच वर्षी त्याला पुनरागमनाचा म्हणून एक मानाचा पुरस्कारही मिळाला. आणि मग आला २००५ सालचा अल्बम.

या अल्बमचे नाव 'आय हॅव गॉट माय ओन हेल टू रेझ'. मराठीत आणायचे तर, माझा दंगा मला घालायचाच आहे! नावातच बाईंचा स्वभाव आला. कंपनीच्या प्रमुखाने सुचवले, की सगळी गाणी स्त्रियांनी रचलेली घ्यावीत. जो हेन्री नावाच्या जाणत्या संगीतकाराने मुद्रणाची धुरा घेतली. १० गाणी निवडली. कोणी डोंगरी मुलखातली लोकगीते गाणारी, कोणी आयरिश, कोणी विशीच्या आतली मुलगी. एकही गाणे मूळचे सोल म्हणावे असे नाही, आणि बाईंनी स्वतः रचलेलेही एक नाही. सगळी दुसऱ्याची. पण ऐकताना वाटते, की हे एकाच बाईचे एकसलग आत्मचरित्र आहे. हे कसे झाले? इथेच आवाजाचे कसब आहे.

पहिले गाणे घ्या. शिनेड ओ'कॉनर या आयरिश गायिकेने १९९० साली ते गायले होते. तेव्हा ती ऐन विशीत होती. जे माझ्यापाशी नाही त्याची मला हाव नाही, हा त्या गाण्याच्या नावाचा अर्थ. मूळ गायिकेने ते वाद्यांवाचून गायले होते. बेट्टीबाईंनीही तसेच ठेवले. पेटी नाही, तंबोरा नाही, ठेका नाही. अल्बम लावला की पहिल्यांदा ऐकू येतो तो एका बाईचा उघडा आवाज. आता विचार करा, गाणे तेच आहे. विशीतल्या मुलीने ते म्हटले तर तो संन्यासाचा एक कोवळा निश्चय वाटतो. जिच्या हातातून ४० वर्षे एकेक गोष्ट निसटत गेली, त्या बाईने म्हटले, की अर्थ पालटतो. तो निश्चय राहत नाही. तो हिशेब होतो, चुकता केलेला.

घरी मी हे गाणे लावले होते तेव्हा माझी आई निवडत बसली होती. भाषा तिला एका अक्षराने कळत नव्हती. थोड्या वेळाने सुपातले हात थांबवून ती म्हणाली, "ही बाई रडत नाहीये रे. सांगतेय." मी पुष्कळ जाणकारांची मते वाचली, पण आईच्या या दोन वाक्यांपलीकडे मला फारसे काही सापडले नाही.

दुसरे गाणे ल्युसिंडा विल्यम्स हिचे, 'जॉय'. माझा आनंद कोणीतरी हिरावून नेला, तो मी शोधायला निघाले, असा त्याचा आशय. मूळ गाण्यात शोधाची जी गावे आहेत, त्यांच्या जागी बेट्टीबाईंनी आपल्या आयुष्यातली गावे घातली. डेट्रॉइट त्यात आले. शब्द किती बदलले? मोजकेच. पण तेवढ्याने परक्याचे गाणे घरचे झाले. आपल्याकडे दळताना ओवी म्हणणारी बाई परंपरेची ओवी घेते आणि तिच्यात आपल्या भावाचे नाव घालते. ओवी जुनीच राहते, पण त्या क्षणी ती तिची असते. तीच ही रीत.

आणि शेवटचे गाणे फिओना अ‍ॅपल हिचे. १९९६ साली ते निघाले तेव्हा ती १८ वर्षांची होती. दगा देणाऱ्याला झिडकारणाऱ्या मुलीचा त्यात संताप आहे. १८व्या वर्षीचा राग पेटत्या पाचटासारखा. भडकतो आणि सगळीकडे ठिणग्या उडवतो. बेट्टीबाई ते गातात तेव्हा तो राग गोवरीच्या निखाऱ्यासारखा होतो. ज्वाळा दिसत नाही, पण हात लावायची सोय नाही. अल्बमचे नाव याच गाण्यातल्या शब्दांवरून घेतले आहे.

आता हे साधते कसे, ते जरा बारकाईने पाहू. आपल्या गळ्यात दोन स्वरतंतू असतात. फुप्फुसातली हवा त्यांच्यामधून जाते आणि ते थरथरतात. साधे बोलताना बाईमाणसाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा थरथरतात, पुरुषाचे त्याच्या निम्म्याच्या आसपास. वय वाढले, विशेषतः बाईची पाळी थांबली, की हे तंतू काहीसे जाडावतात. आवाज खाली उतरतो. वरचे सूर पूर्वीसारखे लागत नाहीत. दम कमी पडतो, सूर लांबवता येत नाही. आणि तंतूंची थरथर सारखी न राहता वेडीवाकडी झाली, की आवाजात खर येते. आपण म्हणतो, आवाज घोगरा झाला.

म्हणजे वय गायकाकडून तीन गोष्टी मागून घेते. वरचे सूर, लांब दम आणि स्वच्छपणा. बेट्टीबाईंनी या तिन्ही तुटींचे काय केले, ते ऐकण्यासारखे आहे. वरचा सूर लागत नाही, तर त्या गाणे खालच्या पट्टीत घेतात, बोलण्याच्या जवळ आणतात. दम पुरत नाही, तर सूर ताणत नाहीत. ओळ मध्येच तोडतात आणि गप्प राहतात. ती शांतता अशी, की आपण पुढच्या शब्दासाठी कान पुढे करतो. ठेक्यावर नेमका शब्द टाकण्याऐवजी त्या किंचित मागे रेंगाळतात, जणू हे सांगावे की नको असा विचार चालला आहे. आणि खर? ती त्या सगळीकडे सारखी पसरत नाहीत. एखादी ओळ त्या जवळजवळ स्वच्छ गातात, आणि ज्या शब्दात दुखणे आहे, नेमक्या त्या शब्दावर आवाज फाटू देतात. मीठ सगळ्या ताटात पसरत नाहीत, कडेला वाढतात, तसे.

आपल्याकडे बैठकीच्या लावणीत जाणती गायिका एकच ओळ दहा वेळा म्हणते आणि दर वेळी तिच्यातला वेगळा अर्थ दाखवते. शब्द तेच, सूरही पुष्कळदा तेच. बदलतो तो भाव. ज्यांनी ती अदा पाहिली आहे, त्यांना बेट्टीबाईंचे कसब समजायला भाषेची अडचण पडणार नाही. स्वतःला त्या गाण्याचा अर्थ लावणारी म्हणवतात. मला तो शब्द फार योग्य वाटतो.

या अल्बमनंतर दिवस पालटले. २००७ साली बाई पुन्हा मसल शोल्सला गेल्या. मी म्हटले होते ना, हे गाव दोनदा येईल! ३५ वर्षांपूर्वी जिथे त्यांचे स्वप्न मुद्रित होऊन पुरले गेले, त्याच मुलखात त्यांनी नवा अल्बम केला. त्याचे नाव ठेवले 'द सीन ऑफ द क्राइम', म्हणजे गुन्ह्याची जागा. १९७२ साली साथ करणाऱ्यांत बास गिटारवर डेव्हिड हूड होते. या वेळी साथीला होता त्यांच्या मुलाचा, पॅटर्सन हूडचा वाद्यवृंद, आणि स्वतः डेव्हिडही वाजवायला आले. या अल्बमला ग्रॅमी या अमेरिकेतल्या मोठ्या पुरस्काराचे नामांकन मिळाले.

२००८ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनमध्ये एका मोठ्या सन्मान सोहळ्यात बाईंनी 'द हू' या ब्रिटिश वाद्यवृंदाचे १९७३ चे एक गाणे गायले. ज्यांचे ते गाणे, ते सन्मानमूर्ती म्हणून समोर बसले होते. मूळ गाणे गर्जना करणारे. बाईंनी ते संथ, आर्जवाने गायले, आणि ते ऐकून गाण्याचे धनी हेलावून गेले. पुढच्याच महिन्यात, २००९ च्या १८ जानेवारीला, लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर त्या उभ्या राहिल्या. अमेरिकेच्या पहिल्या कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षांचा, बराक ओबामांचा शपथविधी दोन दिवसांवर आला होता. जॉन बॉन जोव्ही या गायकाच्या जोडीने बाईंनी तिथे सॅम कुकचे १९६४ सालचे गाणे म्हटले, दिवस पालटणार आहेत अशा आशेचे. ज्याने ते रचले तो त्याच १९६४ च्या डिसेंबरात मरण पावला. गाणे ४४ वर्षे थांबले, आणि ज्या बाईने ते त्या दिवशी गायले, तिला थांबणे म्हणजे काय ते ठाऊक होते.

श्रोतेहो, ही गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, पाहा, धीर धरला की फळ मिळते. मला तसा सोपा बोध काढायचा नाही. धीर धरून फळ न मिळालेली माणसे या जगात जास्त आहेत. पॅरिसच्या त्या शौकिनाने फीत शोधली नसती, तर कदाचित बेट्टीबाई आजही लहान क्लबात गात राहिल्या असत्या, आणि तितक्याच चांगल्या गात राहिल्या असत्या. मला जे दिसते ते एवढेच. फीत गुदामात ठेवता येते, पण माणसाच्या गळ्यात जी वर्षे मुरतात, ती कोणाला कुलपात घालता येत नाहीत. २००५ चा तो आवाज १९७२ साली कोणी विकत घेऊ म्हटले असते तरी मिळाला नसता. तो त्या ३३ वर्षांनी घडवला.

आणि आता माझ्या शिक्षक बांधवांसाठी, भगिनींसाठी एक गोष्ट. ती माझ्या चुकीची आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. आवाज जाड, घोगरा. प्रार्थनेला ती मनापासून गायची, आणि तिचा आवाज सगळ्यांच्या खाली एकटाच चालायचा. तपासणीला साहेब येणार होते. मी तिला म्हटले, "तू नुसती उभी राहा, बाळ. ओठ हलव." तिने मान डोलावली. प्रार्थना छान झाली. साहेब खूश झाले. त्यानंतर ती वर्षभर प्रार्थनेत ओठ हलवत राहिली. मी तिला पुन्हा 'गा' म्हणायचे विसरलो. आता ती बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन बसते. तिची हाळी अर्ध्या बाजारात ऐकू जाते, आणि काय खणखणीत आवाज आहे तो! मी तिच्याकडून भाजी घेतो. ती मला मास्तर म्हणून वरती चार मिरच्या घालते. पण तू अजून गातेस का, हे विचारायचा धीर मला आजवर झाला नाही.

त्या दिवशी मी काय करायला हवे होते? फार काही नाही. पेटीची पट्टी दोन सुरांनी खाली आणायची होती. आपण प्रार्थना नेहमी गोड, बारीक गळ्यांच्या सोयीने उंच लावतो. मग ज्यांचे आवाज खालचे, ती मुले बेसूर वाटतात. मुले १३-१४ वर्षांची झाली की मुलग्यांचे आवाज फुटतात, मुलींचेही थोडे बदलतात. त्या काळात त्यांना हसू नये, ओरडायला लावू नये, आणि ओळीतून बाहेर तर मुळीच काढू नये. आणखी एक करता येईल. कविता चालीवर म्हणायला लावण्याआधी प्रत्येक मुलाला ती साध्या बोलण्यात, आपल्या घरच्या माणसाला सांगितल्यासारखी म्हणायला लावा. जिम लुईसने त्या मुलीला जे शिकवले तेच हे, शब्द आधी, सूर मागून. मग पाहा, ज्याला आपण आवाज नाही म्हणतो, तो पोरगाही एखादी ओळ अशी म्हणून जाईल की वर्ग गप्प होईल.

गोड गळा ही देणगी आहे. ती मिळाली तर चांगलेच. पण गाणे त्याआधीही असते आणि त्याच्यानंतरही. आपल्या गावात भजनाला शेवटच्या रांगेत बसणाऱ्या एखाद्या आजी असतील, ज्यांना आता कोणी 'तुम्ही म्हणा' असे म्हणत नाही. येत्या एकादशीला त्यांना पुढे बसवा. पट्टी खाली घ्या, टाळ जरा हळू धरा, आणि त्यांना एक पद म्हणू द्या. सूर कापेल, दम तुटेल. तरी ऐका. कारण त्या आवाजात जे असेल, ते त्यांच्याबरोबर जाणार आहे, आणि त्याची फीत कुठल्याही गुदामात ठेवलेली नाही.